संचालकाच्या सहीची किंमत

पतसंस्थेची, सेवा सोसायटीची किंवा बाजार समितीची निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांतून एक ठराविक वाक्य ऐकू येते : "आपला एक माणूस तरी बोर्डावर पाहिजे." हे म्हणणे गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. जेथे पैशाचे निर्णय होतात तेथे आपला माणूस असावा, ही इच्छा रास्तच आहे. पण तो माणूस निवडून आल्यावर त्याने तेथे नेमके काय करायचे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. हार पडतात, दोन दिवस चहापाणी होते आणि तिसऱ्या दिवसापासून संस्थेचा शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन दुकानावर येऊ लागतो. दुकानदार गिऱ्हाइकाला माल मोजून देता देता दाखविलेल्या जागी सही करतो. त्या सहीची किंमत किती, याचा विचार आज करायचा आहे.

हिवरखेडचेच उदाहरण घेऊ. तेल्हारा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे हे बाजाराचे गाव. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी एकेकाळी येथे थांबत असे. अशा गावात किराणा, कापड, फळे, शिलाई, वेल्डिंग, सुतारकाम, गाडीदुरुस्ती असे छोटे धंदे करणाऱ्या आपल्या बांधवांना मोठ्या बँकेच्या दारात सहजासहजी कोणी उभे करीत नाही. मुस्लिम समाजाला बँकांकडून मिळणारा कर्जपुरवठा लोकसंख्येच्या मानाने कमी आहे, हे सच्चर समितीने २००६ सालीच नोंदवून ठेवले आहे. त्यामुळे दहा-वीस हजारांची नड भागविणारी गावची पतसंस्था हीच कारागिराची बँक असते. शिलाई मशीन तिच्या कर्जातून येते आणि मुलीच्या लग्नासाठी बाजूला टाकलेली रक्कमही तिच्याच ठेवीत असते. अशी संस्था बुडाली तर ठेव तर जातेच, शिवाय पुढची वीस वर्षे गावात दुसरी संस्था उभी राहत नाही, कारण कोणी विश्वासच ठेवीत नाही. म्हणून संचालक हा त्या विश्वासाचा राखणदार आहे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रातील बहुतेक पतसंस्था व सोसायट्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. या कायद्याच्या कलम ७३ मध्ये संचालक मंडळाच्या जबाबदारीबद्दल जे लिहिले आहे ते प्रत्येक संचालकाने एकदा तरी कोणाकडून वाचून घ्यावे. मंडळाने आपल्या मुदतीत घेतलेल्या निर्णयांना सर्व संचालक संयुक्तपणे आणि वैयक्तिकपणे जबाबदार असतात. संस्थेच्या हिताला बाधक अशी जी कृती झाली किंवा जी कृती करायला हवी असून झाली नाही, त्या दोहोंची जबाबदारी त्यांच्यावर येते.

"संयुक्तपणे आणि वैयक्तिकपणे" हे शब्द कानाला साधे वाटतात. व्यवहारात त्यांचा अर्थ काय होतो ते पाहा. समजा, अकरा संचालकांच्या एका संस्थेत बावीस लाखांचे कर्ज तारणाशिवाय दिले गेले आणि ते बुडाले. साधा माणूस हिशेब करतो की, फार तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन लाख येतील. परंतु अकरांपैकी पाच जणांच्या नावावर काहीच नसेल आणि आपल्या नावावर दुकानाचा गाळा व घर असेल, तर माझा वाटा दोनच लाखांचा, असे म्हणून हात झटकता येईलच याची खात्री नाही. अशा जबाबदारीत ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्याच दारात वसुली आधी येते.

पुढचे कलम ८८ याहून कडक आहे. लेखापरीक्षणात, चौकशीत किंवा तपासणीत संस्थेचे नुकसान झाल्याचे आढळले तर निबंधकांना संबंधित व्यक्तींवर दोषारोप ठेवून, त्यांचे म्हणणे ऐकून, नुकसानीची रक्कम व्याजासह भरून देण्याचा आदेश काढता येतो. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. यात आणखी एक तरतूद आहे आणि तिच्याकडे आमच्या बांधवांचे लक्ष क्वचितच जाते. संचालक मरण पावला असेल तर त्याची मालमत्ता ज्याच्याकडे वारशाने आली, त्या वारसाला उत्तर द्यायला बोलाविले जाते. आपल्या शरीयतमध्येही मय्यतीच्या कफन-दफनानंतर आधी कर्ज फेडायचे, मग वसीयत आणि त्यानंतरच वारसांचे हिस्से, असा क्रम आहे. म्हणजे आज दुकानावर उभ्या उभ्या केलेली एक सही उद्या आपल्या मुलाबाळांच्या हिश्शापर्यंत जाऊन पोहोचू शकते.

गप्प बसणे म्हणजे संमती

आता कोणी म्हणेल, मग या फंदात पडावेच कशाला? तसे नाही. याच कायद्याने प्रामाणिक संचालकाला वाचण्याचा मार्गही दिला आहे. एखादा ठराव ज्याला मान्य नसेल त्याने सभेत तसे सांगावे आणि आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. असा विरोध नोंदविणाऱ्याला त्या ठरावाबद्दल जबाबदार धरता येत नाही. त्याला वाटल्यास ठरावाच्या तारखेपासून सात दिवसांच्या आत तो आपली भिन्न मताची टीप लेखी स्वरूपात निबंधकांकडेही पाठवू शकतो. कागद साधा चालतो, वकिलाची गरज नाही, फक्त पोच घेऊन ठेवावी.

सभेला गैरहजर असलेल्या संचालकाबद्दलही कायद्यात सोय आहे, पण तिला एक अट आहे. जो सभेला हजर नव्हता आणि ज्याने नंतर त्या सभेचे कामकाज कायम केले नाही, तो त्या कामकाजाला जबाबदार नाही. येथेच बहुतेक जण फसतात. प्रत्येक सभेच्या अजेंड्यावर पहिला विषय ठरलेला असतो : "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." सचिव घाईघाईने चार ओळी वाचतो, सगळे "मंजूर, मंजूर" म्हणतात आणि पान उलटते. गेल्या महिन्यात आपण सुरतेला माल आणायला गेलो होतो, त्या सभेत अमक्याला मोठे कर्ज मंजूर झाले. आज आपण "मंजूर" म्हटले की त्या कर्जालाही आपण संमती दिली. तेव्हा पहिला विषय हा सर्वांत किरकोळ नसून सर्वांत महत्त्वाचा विषय आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे. आपण नव्हतो त्या सभेचे इतिवृत्त पूर्ण वाचायला मागावे आणि न पटणारा भाग कायम करण्यास आपली संमती नाही, असे तेथेच लिहून घ्यावे.

दुकानावर आलेल्या प्रोसिडिंग बुकावर सही करण्याची चाल तर ताबडतोब सोडली पाहिजे. सभा झालीच नाही आणि सह्या मात्र अकरा झाल्या, असे कागद पुढे चौकशीत सर्वांच्याच गळ्याशी येतात. इतिवृत्तात दोन ठरावांच्या मध्ये कोरी जागा दिसली तर त्यावर आडवी रेघ मारूनच सही करावी.

जवळची आणि दूरची उदाहरणे

हे सर्व पुस्तकी बोलणे आहे असे कोणाला वाटू नये. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. खातेदाराला काढता येणारी रक्कम दहा हजार रुपयांवर आली. जुलै २०२३ मध्ये तर बँकेचा परवानाच रद्द झाला. व्यापाऱ्याच्या चालू खात्यातील पैसा असा अडकला की त्याची उधारी, त्याचा माल, त्याची पत सारेच अडकते. बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. म्हणजे पतसंस्थेच्या संचालकाची काळजी बँकेच्या संचालकापेक्षा कमी नसून जास्त असायला हवी.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. सरकारी रोखे खरेदीसाठी म्हणून २००१-०२ च्या सुमारास शंभर कोटींहून अधिक रक्कम खासगी दलाल कंपन्यांकडे गेली. ना रोखे आले, ना पैसे परत आले. खटला वीस वर्षांहून अधिक काळ चालला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना नागपूरच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. निकालाविरुद्ध अपील झाले, त्याचे काय व्हायचे ते होईल. आपण घ्यायचा धडा सोपा आहे. पैसे गेले, पण बदल्यात जो कागद यायचा होता तो आला का, हा प्रश्न वेळेवर विचारणे संचालकाचे काम होते. हा प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आपला कोणताही आडत्या तो रोज विचारतो.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत याहून विचित्र प्रकार घडला. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. एकाच बांधकाम समूहाला दिलेले अवाढव्य कर्ज हजारो बनावट खात्यांच्या आड लपविल्याचे तपासात पुढे आले. अध्यक्ष, व्यवस्थापकीय संचालक आणि काही संचालकांनाही अटक झाली. सबंध कर्जापैकी सर्वांत मोठे दहा कर्जदार कोण, एवढी एक यादी दर सभेला मागण्याची आणि तिची शहानिशा करण्याची सवय मंडळाला असती तर एवढे झाकणे इतके सोपे गेले नसते.

आणि आपल्या समाजाच्या जिव्हारी लागलेले बंगलोरच्या आयएमएचे उदाहरण कसे विसरावे? "हलाल नफा" या शब्दावर विसंबून हजारो मुस्लिम कुटुंबांनी तेथे पैसे गुंतविले. जून २०१९ मध्ये संस्थापक देश सोडून गेला आणि संचालकांना अटक झाली. नाव दीनी असले, दाढी-टोपी असली म्हणून हिशेब तपासायचा नाही, हा आपला भोळेपणा फार महाग पडला. बिनव्याजी तत्त्वावर चालणाऱ्या संस्था ही चांगलीच गोष्ट आहे, त्यांची गरजही आहे. पण संस्था बिनव्याजी असली तरी संचालकाची जबाबदारी तीच राहते. उलट तेथे नफ्याची गादी पातळ असल्याने एक मोठे बुडीत कर्जही संस्थेला बसवू शकते.

संचालकाने काय पाहावे?

आमच्या अनेक बांधवांची अडचण अशी की, ताळेबंद समोर आला की ते बिचकतात. शाळा सातवीपर्यंत झालेली, आकड्यांचे रकाने पाहून गोंधळ होतो. पण जो माणूस उधारीची वही सांभाळून संसार चालवितो, त्याला ताळेबंद कळणार नाही असे आम्ही मानीत नाही. दर सभेला चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, ठेवी किती आणि कर्जे किती. दुसरी, कर्जापैकी थकीत किती आणि ती मागच्या सभेपेक्षा वाढली की घटली. तिसरी, थकलेल्या कर्जापैकी किती "नवे-जुने" केली. जुने कर्ज फेडण्यासाठी त्याच माणसाला नवे कर्ज द्यायचे आणि कागदावर वसुली दाखवायची, ही युक्ती सर्वत्र चालते. तिने थकबाकी दिसत नाही, पण नाहीशीही होत नाही. चौथी, हातातील रोकड आणि बँकेतील शिल्लक किर्दीशी जुळते का, आणि ती कोणी मोजली. मोजणाऱ्याचे नाव सांगता आले नाही, तर मोजली गेली नाही असे समजावे.

लेखापरीक्षणाचा अहवाल हाती आला की तो कपाटात जाऊ देऊ नये. लेखापरीक्षकाने दाखविलेल्या उणिवा दूर केल्याचा दोषदुरुस्ती अहवाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. या दोन तारखा दुकानातील कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवाव्यात. दुकानाच्या लायसन्सच्या नूतनीकरणाची तारीख आपण जशी विसरत नाही, तशाच याही विसरू नयेत.

आप्तांचे कर्ज ही सर्वांत नाजूक जागा. नागरी सहकारी बँकांना आपले संचालक व त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेने २००३ पासून मनाई केली आहे. स्वतःच्या मुदत ठेवीवरील कर्जासारखे थोडे अपवाद आहेत. पतसंस्थांचे उपविधी वेगळे असतात, ते पाहावेत. पण नियम काहीही असो, भावाचा, मेव्हण्याचा किंवा भागीदाराचा अर्ज आला की त्या विषयापुरते खुर्चीवरून उठून बाहेर जावे आणि तसे इतिवृत्तात लिहवून घ्यावे. यात भावाशी बेइमानी नाही. ज्या विधवेने आपली ठेव ठेवली आहे, तिच्याशी केलेली ती इमानदारी आहे.

नावापुरत्या संचालक

सहकारी संस्थांत महिलांसाठी राखीव जागा असतात. आपल्याकडे त्या जागेवर बायकोचे किंवा वहिनीचे नाव भरले जाते आणि सभेला मात्र भाऊ जातात. बाई घरी सही करतात, कशावर ते त्यांना माहीत नसते. आम्ही स्पष्ट सांगतो की, हा त्या बाईवर अन्याय आहे. जबाबदारी येते ती जिचे नाव आहे तिच्यावर, जो खुर्चीवर बसला त्याच्यावर नाही. तिच्या मेहेरचे दागिने, तिच्या माहेरून आलेला जमिनीचा तुकडा धोक्यात घालण्याचा अधिकार कोणत्याही पतीला नाही. तेव्हा नाव द्यायचे असेल तर सभेलाही तिलाच जाऊ द्यावे. आपल्या घरातील खर्चाचा पै न् पै हिशेब ठेवणाऱ्या स्त्रिया संस्थेचाही हिशेब पुरुषांपेक्षा बारकाईने पाहतील, याबद्दल आम्हाला शंका नाही.

बाजार समिती आणि कंपनी

बाजार समितीचा कायदा वेगळा, १९६३ चा. तिच्या मंडळावर व्यापारी-अडत्यांचे दोन आणि हमाल-मापाऱ्यांचा एक प्रतिनिधी असतो. व्यापाऱ्यांनी निवडून दिलेला संचालक हा फक्त व्यापाऱ्यांचा वकील आहे, अशी समजूत असते. ती चूक आहे. मतदारसंघ निवडून देण्यापुरता असतो. एकदा खुर्चीवर बसला की शेतकऱ्याचे चुकारे वेळेवर होतात का, वजनकाटा बरोबर आहे का, याचीही जबाबदारी त्याच्यावर आली.

अलीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या निघतात, कारागिरांच्या कंपन्याही निघत आहेत आणि "दहा संचालक पाहिजेत, तुमचे आधार कार्ड द्या" असे म्हणत लोक फिरतात. कंपनीची वार्षिक पत्रके सलग तीन वर्षे दाखल झाली नाहीत तर तिचा संचालक पाच वर्षे अपात्र ठरतो आणि त्याला दुसऱ्या कंपनीतही बसता येत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने देशभरातील एक लाखाहून अधिक संचालकांना अशा रीतीने अपात्र ठरविले होते. त्यांत केवळ कोणाच्या सांगण्यावरून कागद देणारेही असणारच.

अमानत

सूरह निसामध्ये अमानत तिच्या हक्कदाराला पोहोचविण्याचा हुकूम आहे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीची देवघेव लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. ज्या किताबाची सर्वांत लांब आयत हिशेबाच्या लिखापढीवर आहे, त्या किताबाला मानणाऱ्या व्यापाऱ्याने प्रोसिडिंग बुक न वाचता सही करावी, हे आम्हाला शोभत नाही.

म्हणून ज्यांना येत्या निवडणुकीत उभे राहायचे आहे त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी संस्थेचे तीन कागद मागावेत : उपविधी, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि संस्थेवर चालू असलेल्या चौकशांची माहिती. कागद मिळाले तर घरी नेऊन शांतपणे वाचावेत, न समजले तर जाणत्याला दाखवावेत. महिन्यातून एक दिवस दुकान दोन तास बंद ठेवून सभेला बसण्याची तयारी आहे का, हेही स्वतःला विचारावे. तयारी असेल तर जरूर उभे राहावे, समाजाला अशा माणसांची गरज आहे. तयारी नसेल तर हार दुसऱ्याच्या गळ्यात पडू द्यावा आणि आपण सभासद म्हणून सर्वसाधारण सभेत पुढच्या रांगेत बसून प्रश्न विचारावेत. आणि कागद मागूनही जर संस्था ते देत नसेल, तर आपले उत्तर तेथेच मिळाले असे समजून त्या निवडणुकीचा अर्ज भरू नये.